उभ्या होडीला धडक

मी मोटार मागे घेताना एका होडीला धडक दिली. होडी जमिनीवर होती.

दुसरं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे, कारण ही गोष्ट कुणालाही सांगितली की पहिला प्रश्न तोच येतो. होडी पाण्यात असती तर निदान अपघात म्हणता आला असता. ती नेरूळच्या खाडीकाठी, जेट्टीशेजारच्या मोकळ्या जागेत, दोन जुन्या टायरांवर कुशीवर पडून ऊन खात होती. हलण्याचा तिचा काहीही विचार नव्हता. हललो तो मी.

त्याला कारण फ्लेमिंगो. पन्नाशी ओलांडली की आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतल्या पुरुषांना काहीतरी होतं. कुणी सायकल घेतो, कुणी बासरी. मी कॅमेरा घेतला. चैत्रातला रविवार होता, ओहोटी लागलेली, आणि समोरच्या चिखलात गुलाबी पक्ष्यांचा अख्खा मेळा भरला होता. गाडीतून उतरलं तर ते उडतील म्हणून खिडकीतूनच फोटो काढायचा बेत केला आणि गाडी जरा मागे घेऊ लागलो. गाडी बीप बीप करत होती. मला वाटलं, सीटबेल्टचा बीप. बेल्ट चाचपून पाहिला, लावलेला होता. तोवर बीप अखंड झाला आणि मागून पापड मोडल्यासारखा आवाज आला. फ्लेमिंगो जागचे हलले नाहीत.

होडीच्या पलीकडे, तिच्याच सावलीत, साठीची एक कोळीण जाळं सांधत बसली होती. ती उठली, गाडीला वळसा घालून आली, होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, तितं लांबची पाखरं दिसली, नि ही एवढी होडी नाय दिसली?"

होडीच्या कुशीत, बुडापासून हातभर वर, माझ्या बंपरच्या कोपऱ्यानं तळहाताएवढं भोक पाडलं होतं. कडेनं निळा रंग उडाला होता आणि आतून पांढरे केसाळ धागे बाहेर आले होते. होडी लाकडाची असते अशी माझी समजूत. ही फायबरची निघाली. मी वाकून ते धागे कुतूहलानं बघू लागलो तेव्हा मावशी म्हणाली, "बगताय काय? फोटो पन काडा."

मी भरपाईचं बोलू लागलो तर तिनं हातानंच थांबवलं. "ते नंतर. पुनवेला होडी पान्यात पायजे. ते बोला."

तिचा नवरा तोपर्यंत येऊन उभा राहिला होता. हा माणूस बोलायचाच नाही. बोलण्याचं काम त्यानं बायकोवर सोपवलेलं दिसत होतं. तिनं सांगितलं ते असं: होडी गेल्या अवसेच्या उधाणात एवढी वर आणून ठेवली होती, बूड खरवडून रंगवायला. इतक्या वर पाणी रोज येत नाही. पुनवेला आणि अवसेला मोठी भरती येते तेव्हाच येतं, दुपारी बाराच्या सुमाराला, तेही घटकाभर. तेवढ्यात ढकलली तर ढकलली, नाहीतर पुढचे पंधरा दिवस होडी जमिनीवर. आणि खाडीत जाळं लावायच्या चांगल्या जागा त्यांच्या गावात नंबरानं मिळतात. पुनवेपासून यांचा नंबर होता. त्या दिवशी होडी जागेवर पोचली नाही तर नंबर पुढच्या घराला जातो, आणि यांना वर्षभर वाट बघावी लागते.

"आज षष्ठी हाय," ती म्हणाली.

हे तिनं सांगितलं म्हणून कळलं. मला फक्त रविवार ठाऊक होता.

फायबर म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला. आमच्या सोसायटीच्या बागेतली घसरगुंडी आणि गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त करून गेलेला मिस्त्री. मूळचा साताऱ्याकडचा, उमेदीची सगळी वर्षं इथल्या एका फायबरच्या कारखान्यात काढलेला. सोमवारी संध्याकाळी त्याला होडीपुढे उभा केला. मावशीनं त्याला खालून वर पाहिलं.

"टाकीवाला आनलाव?"

"आवो मावशी," मिस्त्री म्हणाला, "टाकीत पाणी आत ठेवायचं, होडीत भायेर ठेवायचं. बाकी समदं एकच."

मग त्यानं खिशातून एक नाणं काढलं आणि होडीच्या अंगावर वाजवू लागला. भोकापासून लांब वाजवलं की ठण्ण ठण्ण असा भरीव आवाज येई. भोकाजवळ आला की ठप्प. जिथं ठप्प येई तिथं तो खडूनं खूण करत गेला. तळहाताएवढ्या भोकाभोवती बघता बघता परातीएवढं रिंगण तयार झालं. बाहेरून तिथं काहीही दिसत नव्हतं, रंगावर साधा ओरखडा नव्हता. पण आतले थर एकमेकांपासून सुटले होते.

"म्हणजे मी एवढं सगळं मोडलं?" मी विचारलं.

"दिसतंय ते थोडकं असतंय," तो म्हणाला. "कलिंगड घेताना वाजवून बघता का न्हाई? तसंच हाय."

मला त्या नाण्याचा नाद लागला. मी डोळे मिटून वाजवलं आणि रिंगणाची कड बरोब्बर ओळखली. आयुष्यात क्वचितच मिळणारा, पहिल्या फटक्यात काही जमल्याचा आनंद झाला. घरी येऊन मी स्वयंपाकघरातली फरशी वाजवली, कपाटं वाजवली, आणि बाथरूममधल्या तीन टाइल्स पोकळ असल्याचं बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "अठरा वर्षं त्या टाइल्स सुखात होत्या. तू झोप."

मंगळवारी मी ऑफिसात 'वैयक्तिक कारण' लिहून आठवड्याची रजा टाकली आणि मदतीला हजर झालो, अर्ध्या चड्डीत. मिस्त्री चैत्राच्या उन्हात फुल शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातांना पावडर फासून आला होता. मला वाटलं, गावाकडची माणसं, पोशाखाला जपतात. मग त्यानं ग्राइंडर चालू केला. भोकाच्या कडा तो आत-बाहेर अशा घासत गेला की मध्ये खड्डा आणि कडेला निमुळता उतार, बशीसारखा. एवढ्याशा भोकासाठी एवढी मोठी बशी का, असं मी विचारलं. तो म्हणाला, काठाला काठ लावला तर पहिल्याच लाटेला निघतंय; नव्यानं जुन्यावर ऐसपैस बसाय पायजे. हे ऐकून मी भारावलो आणि आणखी जवळ सरकलो. त्या घासण्यातून काचेचा पीठासारखा धुरळा उडत होता. तासाभरानं माझ्या पोटऱ्यांना कळलं की पावडर आणि फुल शर्ट कशासाठी होता. मावशी लांबून बघत होती. मी एका पायानं दुसरा पाय खाजवत सरळ उभा राहायचा प्रयत्न करत होतो.

दुपारी काम आवरून मिस्त्री म्हणाला, "उद्या सकाळच्याला मॅट लावायची. शनिवारपर्यंत सगळं वाळून, दोन दिवस हातात राहत्यात. तवर हात लावू नका." मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, ती रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचा आणि ते दगडासारखं घट्ट होतं.

आता पुढचा प्रकार. संध्याकाळी खाज जरा कमी झाल्यावर मी पुन्हा तिकडे गेलो. जेट्टीवर कुणी नव्हतं. होडीवर सगळीकडे पांढरी धूळ बसली होती आणि ती बशी तर पिठात लोळवल्यासारखी दिसत होती. मी ज्या घरात वाढलो तिथं भिंतीला रंग लावायच्या आधी भिंत धुतात, जखमेला औषध लावायच्या आधी जखम धुतात, आणि काहीच सुचलं नाही की ओटा धुतात. गाडीत बादली होती. साबणाची पावडर होती. जेट्टीवर नळ होता. मी अर्धा तास ती जागा घासणीनं घासून, तीन बादल्या पाणी ओतून लखलखीत केली. धाग्यांच्या बेचक्यांत टूथब्रश घातला. मग मोबाइलवर फोटो काढून मिस्त्रीला पाठवला आणि खाली लिहिलं: 'उद्याची तयारी झाली.'

दोन मिनिटांत त्याचा फोन आला. मला वाटलं, शाबासकी.

"कुणी सांगितलं तुमाला?" तो म्हणाला.

"कुणी नाही. मीच."

तो म्हणाला, "साहेब, काचेचे धागे म्हंजी वाती असत्यात. तुमी वातीला पाणी पाजलंय. आता त्यावर रेझिन धरायचं न्हाई." आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी मावशीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते सांगितलं. तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"साबन पन लावला?"

"थोडा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाडीकडे बघत होता. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं, आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंबर गेला तर तो माझ्या धुण्यापायी जाणार, हे त्या मोजण्यात मला स्वच्छ दिसलं.

मिस्त्रीनं साबण खाल्लेला वरचा थर पुन्हा घासून काढला. मग वाळवणं. दिवसभर ऊन दिलं. संध्याकाळी त्यानं त्या बशीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावला. "सकाळी आतून घाम आला तर समजायचं, अजून पाणी हाय."

ही परीक्षा मला फार आवडली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सानपाड्याहून धावत आलो. मावशी माझ्याआधी तिथं होती. प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब चिकटले होते, मोजता येतील असे. आम्ही दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसून ते थेंब बघत राहिलो.

"तुमचाच हाय तो घाम," ती म्हणाली.

त्याच गुरुवारी मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला. शेजारच्या शेडमधून वायर ओढली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत होडीसमोर स्टुलावर बसून तिला गरम वारा घातला. जाणारे-येणारे कोळी थांबून बघत. एकानं विचारलं, "पार्लर टाकलंत काय?" दुसऱ्यानं मावशीला, होडीचं लगीन कधी म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, "पुनवेला. नवरा मिलाला तर." पण दुपारी तिनं माझ्या हातात चहाचा पेला ठेवला आणि पहिल्यांदा 'साहेब' सोडून 'दादूस' म्हणाली. दादूस म्हणजे भाऊ. "हात बदला, दादूस. एकच हात दुखंल."

शुक्रवारी प्लास्टिक कोरडं निघालं. हातातले दोन्ही दिवस मी खाऊन टाकले होते. आता एकही चुकून चालणार नव्हतं. मिस्त्रीनं मॅटचे तुकडे कापले, आधी लहान, मग त्याहून मोठा, मग त्याहून. रेझिन म्हणजे मधासारखा पाक. त्यात हार्डनरचे मोजके थेंब पडले की तो घट्ट व्हायला लागतो. मी फारच आशेनं बघत होतो म्हणून त्यानं रेझिनचा एक मग मला कालवायला दिला आणि थेंब मोजून दाखवले. मी मनात हिशेब केला: उशीर माझ्यामुळे झालाय, तर लवकरही मीच करावं. दुप्पट थेंब घातले. मिनिटभरात मग हाताला चटका द्यायला लागला, त्यातून धूर निघाला, आणि मी ब्रश बाहेर काढायला गेलो तर ब्रशसकट मग वर आला. मिस्त्रीनं माझ्याकडे न बघता दुसरा मग घेतला. तो ब्रश आजही त्या मगात ताठ उभा आहे. माझ्या टेबलावर असतो. लोक कौतुकानं विचारतात, कुठल्या प्रदर्शनात घेतलात?

पण त्याला काम करताना बघणं! पांढरी चटई रेझिननं भिजली की हळूहळू पारदर्शक होत जायची आणि खालचा थर दिसू लागायचा. कुठं पांढरा ठिपका राहिला तर तिथं हवा अडकलीय. छोट्या रोलरनं तो ती हवा कडेकडेला पिटाळत नेई. त्याचा हात घाईत नव्हता, थांबतही नव्हता. मी विचारलं, इतकी वर्षं हे काम करताय, कधी होडीत बसलात? "न्हाई बा," तो म्हणाला. "मला पोहता येत न्हाई. आमच्याकडं विहिरी. त्यातबी मी कडंला."

शनिवारी पुट्टी आणि घासणी. रंगाची जबाबदारी माझी. उडालेला निळा टवका डब्यात घालून मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "हॉल की बेडरूम?" मी म्हटलं, "होडी." त्यानं टवका उन्हात धरून जुळवून दिला. मावशीनं डबा उघडून पाहिला आणि नाक मुरडलं. हा उन्हानं विटलेला निळा झाला. तिनं होडीच्या काठावरचा जुना दोर बाजूला सारला. त्याच्याखाली ऊन कधी लागलंच नव्हतं. तिथं एक बोटभर पट्टी गडद निळी, मोरासारखी उरली होती. "ह्यो तिचा रंग," ती म्हणाली. मी पुन्हा दुकानात गेलो.

रविवारी पहिला हात, सोमवारी दुसरा. सोमवारी संध्याकाळी मी कितीही बघितलं तरी भोक नेमकं कुठं होतं ते मला सापडेना. मावशी आली. तिनं कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढलं. मिस्त्री बाजूला उभा राहिला; परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहतात तसा. ती वाजवत गेली. ठण्ण. ठण्ण. माझी मान आपोआप पुढे. जिथं जिथं खडूचं रिंगण होतं तिथं तिथं ठण्ण. तिनं दोनदा वाजवलं, नाणं पिशवीत टाकलं.

"टाकीवाला बरा हाय," ती म्हणाली. मिस्त्रीनं शर्टाचं वरचं बटण पहिल्यांदा सोडलं.

मंगळवारी पुनव. हनुमान जयंती असल्यानं मिस्त्री आपल्या गल्लीतल्या मारुतीचा सुंठवडा पुडीत घेऊन आला होता. साडेअकराला पाणी चिखल झाकत झाकत टायरांपर्यंत आलं. मावशीनं होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आठ माणसांनी खांदा लावला, त्यातला आठवा मी, बहुधा वजन वाढवायला. होडी सरकली, अडली, पुन्हा सरकली, आणि एकदम हलकी झाली. तरंगली.

मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "ज्यानं सांधली त्यानं पयलं बसायचं. रीत हाय."

मिस्त्री दोन पावलं मागे सरला. "आमच्यात न्हाई अशी रीत."

"मंग फोडली त्यानं बसायचं."

मी बसलो. मला पोहता येतं, पण तलावात, खालच्या फरशा दिसत असतील तर. खांद्याला पिशवी होती, ती पायाशी सुट्या फळीखाली सारली. मावशीचा नवरा वल्ह्यावर. नव्या जोडाच्या वरच मला बसवलं होतं. आम्ही वीसेक हात गेलो असू. पाणी होडीच्या अंगावर चुबुक चुबुक वाजत होतं, आणि मी त्या आवाजात ठण्ण आहे की ठप्प, ते ऐकायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात पायाला गार लागलं.

खाली पाहिलं. फळीखालून, नेमकी जोडाच्या बाजूनं, पाण्याची एक बारीक रेघ येत होती. बघता बघता तिचं छोटं तळं झालं.

त्यानं वल्हं थांबवलं. काठावर मावशीनं ते थांबलेलं बघितलं आणि ती आणखी पाण्यात शिरली, कमरेपर्यंत. मिस्त्रीच्या हातातली पुडी तशीच राहिली. सगळ्यांना एकच दिसत होतं: पाणी घटकाभरात उतरणार, आणि नंबर पुढच्या घराला जाणार. मला तर माझ्या तीन बादल्या आठवल्या.

मावशीचा नवरा वाकला. त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग नऊ दिवसांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला. काठाकडे तोंड करून तो ओरडला, "गोडं हाय!"

खाडीचं पाणी खारट. हे गोड. त्यानं फळी उचलली. फळीखाली माझी पिशवी कलंडली होती आणि तिच्यातली, मी झाकण अर्धवट लावलेली, लिटरभराची बाटली निवांत रिकामी होत होती.

काठावर आधी मिस्त्री हसला, मग खांदा लावलेले बाकी सगळे. होडी वळवून त्यानं मला काठाला आणून उतरवलं, कारण त्याला जाळ्याच्या जागेवर जायचं होतं आणि तिथं माझं काही काम नव्हतं. मावशीनं रिकामी बाटली माझ्या हातात दिली, झाकण स्वतः घट्ट बसवून.

"दादूस," ती म्हणाली, "खाडीच्या पान्याचं आमाला भेव नाय. तुमच्या पान्याचं हाय. ते घरी ठेवून येत जा."